वीस तारखेलाच पैसे संपायचे, ते कसं थांबलं

लक्षण असं: एक तारखेला खात्यात पैसे, विसाव्याला खडखडाट, मग उसनवारी. पुढचा महिना ती फेडण्यात सुरू. कॉलेजची दोन सत्रं हेच चाललं, अगदी वैताग आला होता.

आधी वहीत खर्च लिहिला. पैसे कुठे गेले ते कळलं, जायचे काही थांबले नाहीत. रोजची मर्यादा घातली, तर एक पुस्तक घेतलं की ती मोडायची.

शेवटी जमलं ते असं. मागच्या ३ महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा शोधल्या आणि नको त्या बंद केल्या. मग किमान शिल्लक न लागणारं दुसरं खातं उघडलं. एक तारखेला पैसे आले की पहिल्या खात्यातून भाडं आणि उसने पैसे त्याच दिवशी चुकते. परीक्षा फी सहा महिन्यांनी येते, म्हणून तिचा सहावा हिस्सा दरमहा तिथेच राहतो. उरलेल्या रकमेला महिन्याच्या दिवसांनी भागायचं, ७ ने गुणायचं आणि तेवढेच दर सोमवारी दुसऱ्या खात्यात टाकायचे. महिना मधल्या वारी सुरू झाला, तर पहिल्या सोमवारपर्यंतचे दिवस मोजून तेवढ्याच दिवसांचे पैसे एक तारखेला टाकायचे, आणि शेवटच्या सोमवारी महिना संपेपर्यंतच्या दिवसांपुरतेच.

मी आधी सरळ ४ ने भागत होतो. पण ४ आठवडे म्हणजे २८ दिवस, त्यामुळे शेवटचे २-३ दिवस कोरडे जायचे! आणि वार सोमवारच. शुक्रवारी टाकले की शनिवार-रविवारी हात सैल सुटतो.

फोनवरचं पेमेंट फक्त दुसऱ्या खात्याला जोडलंय. पहिल्याचं कार्ड कपाटात.