जनावरांच्या दवाखान्यात औषध देताना या चुका टाळा

तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री-मांजरं, सगळंच येतं. काउंटरवर दर वर्षा-दोन वर्षांनी नवीन मुलगा येतो. हात चलाख असतो, शिकायची इच्छा असते. पण आठवडाभरात त्याला वाटायला लागतं की औषध देणं म्हणजे कपाटातून बाटली काढायची आणि वर दोन आकडे लिहायचे. तपासणी बरोबर, निदान बरोबर, औषधही बरोबर, आणि तरी जनावर आणखी आजारी होऊन परत येतं, असं मी पाहिलं आहे. कारण ते दोन आकडे.

डोस नुसत्या अंकात लिहिणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. मराठी एक आणि इंग्रजी नऊ शेजारी-शेजारी लिहून बघा. दोन्हींना वर गोल, खाली शेपूट. घाईत लिहिलं की काही फरक उरत नाही. मराठी चार आणि इंग्रजी आठ यांचंही तेच. लिहिणारा कंपाउंडर मराठी शाळेतला, घरी औषध पाजणारी नात इंग्रजी शाळेतली. दोघंही आपापल्या परीने बरोबर वाचतात.

माझ्याकडे एक म्हातारा कुत्रा होता, वजन १५ किलो, मागच्या पायांचे सांधे धरलेले. मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं पातळ औषध दिलं, मिलीला १.५ मिलिग्रॅमचं. किलोला ०.१ मिलिग्रॅम या हिशोबाने रोज १ मिली. मुलाने बाटलीवर सुबक अक्षरात अंकाने '१ मिली, जेवणानंतर' असं लिहिलं. चौथ्या दिवशी मालक आले. "औषध चांगलं लागू पडलंय, उठून चालायला लागलाय. पण बाटली संपत आली, दुसरी द्या." मुलाने दुसरी बाटली काढून काउंटरवर ठेवलीसुद्धा. मी आत एका शेळीचं ड्रेसिंग करत होतो. 'संपत आली' हे शब्द कानावर पडले आणि हातातलं काम टाकून बाहेर आलो. बाटली ३० मिलीची, महिनाभर पुरायला हवी. मी ती उजेडात धरली, तर तळाशी तीनेक मिली उरलं होतं. तीन दिवस नऊ-नऊ मिली पाजलं होतं.

"शी कशी होतेय?"

"काळी. डांबरासारखी. आणि कालपासून खाणं सोडलंय."

कुत्रा तासाभरात दवाखान्यात आणला. पोटात रक्तस्राव झाला होता. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडालाही त्रास झालेला. सहा दिवस सलाईन चढवलं, पोटातल्या जखमांवर औषध दिलं, तेव्हा वाचला. मुलाला मी एका शब्दानेही बोललो नाही. अंकात लिहायची पद्धत माझ्याच दवाखान्यात चालत आलेली होती.

त्या दिवसापासून आमच्याकडे डोस अक्षरात लिहिला जातो: 'एक मिली', 'अर्धी गोळी'. पातळ औषधाबरोबर बिनसुईची सिरिंज देतो आणि जिथपर्यंत भरायची तिथे मार्करने काळी रेघ मारतो. 'चमचाभर' हा शब्द बंद. प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो. बाटलीवर ती कधी संपायला हवी ती तारीखही लिहितो. कोणी लवकर परत मागायला आलं, तर आधी 'रोज किती देताय?' असं विचारायचं, बाटलीला हात नंतर. नवीन मुलं म्हणतात, 'सर, गर्दीत एवढं कुठे लिहिणार?' माझं म्हणणं आहे, चार माणसं दहा मिनिटं थांबली तरी चालतील. गर्दी आहे म्हणून लेबल अर्धवट सोडणारा मुलगा मला काउंटरवर नको.

दशांशाचंही तेच. पूर्णांकापुढे टिंब आणि शून्य कधीच नाही, आणि अर्ध्याच्या टिंबाआधी शून्य हवंच. टिंब पुसलं गेलं की पाचाचे पन्नास होतात.

सुटं औषध दुसऱ्या बाटलीत ओतून देणं

एका पावसाळ्यात शेजारच्या गावातून एक वासरू आलं. तोंडातून लाळ, अंग थरथरतंय, श्वास लागलेला. तोंडाजवळ नाक नेलं तर घासलेटासारखा वास. घरच्या बाईंनी जंताचं औषध पाजलं होतं. त्यांनी बाटली सोबत आणली होती. पांढरी प्लास्टिकची, आतलं दिसत नाही अशी. लेबल अल्बेंडाझोलचं, आत गोचिडावरचं डेल्टामेथ्रिन. कुठल्या तरी दुकानातून मोठ्या कॅनमधून रिकाम्या बाटलीत ओतून दिलेलं. औषध फुफ्फुसात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी वासरू गेलं. त्या बाई मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "मी वाचूनच पाजलं हो." खरं होतं. त्यांनी लेबल नीट वाचलं होतं.

माझ्याकडे गोचिडाचं औषध कंपनीच्या सीलबंद छोट्या बाटलीतच मिळतं. वीस रुपये वाचतात म्हणून सुटं मागणारा शेतकरी नाराज होऊन गेला तरी चालेल. गोळ्याही स्ट्रिप कापून देतो, पण नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा गिऱ्हाइकाकडेच गेला पाहिजे.

बाकीच्या, थोडक्यात

वजन अंदाजाने धरू नका. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. मोठ्या जनावराला छातीचा टेप लावा, छातीच्या घेरावरून वजन काढता येतं.

मांजराला पॅरासिटामॉल कधीच नाही, पाव गोळीही नाही. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. तोंड सुजतं, हिरड्या चॉकलेटी पडतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजर मारायला पुरेशी आहे. गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं औषधही मांजराला चालत नाही. म्हणून 'घरात मांजर आहे का?' हे कुत्र्याच्या मालकालाही विचारा.

इन्सुलिन देताना बाटलीवर मिलीला ४० युनिट आहे की १०० हे बघून त्याच मापाची सिरिंज हातात द्या. १०० च्या इन्सुलिनला ४० ची सिरिंज गेली, तर २ युनिट समजून ५ टोचले जातात. एवढ्याशा मांजराला ते झेपत नाही.

लस फ्रिजच्या दारात ठेवू नका. २ ते ८ अंश आतल्या कप्प्यात राहतं, दारात नाही.

डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची मोठी बाटलीही बंद झाली, ती जनावरांना वापरली जात होती म्हणूनच. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक ही त्याच प्रकारची औषधंही जनावरांसाठी बंद झाली. 'मागचा स्टॉक संपवू' म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, तो स्टॉक कपाटातून काढून टाकतो. मेलॉक्सिकॅम आहे, ते वापरा.

आणि दूध. गाईला प्रतिजैविक दिलं की पाकिटावर मी 'अमुक तारखेपर्यंत दूध डेअरीला घालू नये' असं लिहितो. लेबलवर किती दिवस ते दिलेलं नसेल, तर २०१२ च्या नियमाप्रमाणे दुधाला आणि अंड्याला किमान ७ दिवस, मांसाला २८. शेतकऱ्याला हे सांगणं जड जातं, कारण त्याची पंधरवड्याची कमाई त्या दुधात असते. म्हणूनच इंजेक्शन द्यायच्या आधी सांगायचं, नंतर नाही.

सगळं लिहून झालं तरी पिशवी लगेच हातात देऊ नका. 'काका, आता मला सांगा, किती आणि कधी?' असं विचारा. नुसतं 'कळलं ना?' विचारलं तर सगळे होच म्हणतात.

तो म्हातारा कुत्रा पुढे दोन वर्षं जगला. मालक आता त्यांच्या नव्या पिल्लाला घेऊन येतात. मी औषध लिहीत असतो तेवढ्यात ते काउंटरवरचा मार्कर उचलून मुलाच्या हातात देतात.