इंग्लंडमधील गल्लीतल्या पबचा इतिहास: आठवणी आणि कागदपत्रे कशी जुळवावीत

इंग्लंडमध्ये कोपऱ्यावरचा एखादा पब बंद पडतो तेव्हा त्याची इमारत बहुधा उभीच राहते. तिथे सदनिका होतात किंवा दुकान येते. तिथे कोण कुठे बसत असे, उधारी कोणाला मिळे आणि कोणाला नाही, डोमिनोचा डाव कोणत्या वारी रंगे, या गोष्टी मात्र त्या पबाबरोबर जातात, कारण त्या कोणी लिहून ठेवलेल्याच नसतात. परवान्यांची नोंदपुस्तके अभिलेखागारात आणखी पन्नास वर्षे सुखाने राहतील, पण ऐंशी वर्षांचा माणूस तितका थांबू शकत नाही. म्हणून अशा पबचा इतिहास लिहायला घेणाऱ्याने आधी माणसांकडे जावे आणि अभिलेखागाराची पायरी नंतर चढावी, असे माझे ठाम मत आहे.

मुलाखतीला जाताना लांबलचक प्रश्नावलीपेक्षा एक मोठा कोरा कागद आणि पेन्सिल अधिक कामाला येते. ‘पूर्वी पब कसा होता?’ या प्रश्नाला ‘छान होता, सगळे एकमेकांना ओळखत असत’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी दरवाजा कोणत्या बाजूला उघडे, आत शिरल्यावर डाव्या हाताला काय होते, शेकोटी कुठे होती, असे विचारत समोरच्या व्यक्तीकडूनच नकाशा काढून घ्यावा. जुन्या पबांत एकच मोठी खोली नसे. उघड्या फरशीचा, डार्ट्स आणि डोमिनोचा पब्लिक बार वेगळा. गालिचा घातलेला, बिअरचे दर थोडे चढे असलेला सलून बार वेगळा. चार-सहा जण जेमतेम मावतील असा आडोशाचा ‘स्नग’ वेगळा. आणि घरून आणलेल्या भांड्यात बिअर भरून नेणाऱ्यांसाठी बाजूच्या दाराशी एक स्वतंत्र खिडकी असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक ठिकाणी या मधल्या भिंती पाडल्या गेल्या. त्यामुळे कागदावर भिंतीची रेघ उमटली की तिच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण हे आपोआप बोलण्यात येते, आणि त्या वस्तीतले सामाजिक स्तर उलगडू लागतात.

याच टप्प्यावर, कोणाला आत येता येत नव्हते, हेही विचारावे. हा प्रश्न अवघडल्यासारखा वाटतो म्हणून गाळला जातो आणि मग हाती केवळ गोड आठवणी उरतात. स्त्रियांनी एकट्याने कोणत्या खोलीत बसणे चालत असे, त्यांना काउंटरवर उभे राहून पेय मागता येई का, हे जरूर नोंदवावे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका वाइन बारमध्ये स्त्रियांना काउंटरपाशी पेय न देण्याची प्रथा १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याचा भंग करते, असा निर्णय अपील न्यायालयाने १९८२ साली दिला, म्हणजे ही गोष्ट आजच्या साठीतल्या स्त्रियांच्या अनुभवातली आहे. मिडलंड्समधील स्मेदिकसारख्या गावांत काही पबांच्या ठरावीक खोल्यांत भारतीय आणि कॅरिबियन गिऱ्हाइकांना मज्जाव होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मॅल्कम एक्स फेब्रुवारी १९६५ मध्ये स्मेदिकला येऊन गेले आणि त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने पबसारख्या सार्वजनिक ठिकाणचा हा भेदभाव बेकायदा ठरला. पुढे त्याच पट्ट्यात पंजाबी मालकांनी अनेक पब चालवायला घेतले. आपला पब अशा भागातला असेल तर दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोलल्याशिवाय लेखन पुरे मानू नये.

वर्षे मात्र विचारू नयेत. माणसाला प्रसंग पक्का आठवतो, सन क्वचितच आठवतो, आणि आग्रह केला तर तो अंदाजाने काहीतरी सांगून मोकळा होतो. त्याऐवजी ज्यांच्या तारखा ठाऊक आहेत अशा बदलांच्या आधारे विचारावे. पैसे शिलिंगांत देत होता की नव्या पेन्सांत? दशमान चलन १५ फेब्रुवारी १९७१ रोजी आले. दुपारी पब बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडत असे का? आठवड्यातल्या इतर दिवशीची ती सक्ती १९८८ साली उठली, रविवारची १९९५ साली. रात्री अकराच्या सुमाराला पब बंद होत असल्याची घंटा आठवते का? वेळांचे नवे नियम नोव्हेंबर २००५ पासून लागू झाले. खोलीत धूर होता का? इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांतले धूम्रपान १ जुलै २००७ पासून बंद झाले. अशा चार प्रश्नांनी एखादी आठवण ठरावीक वर्षांच्या टप्प्यात बसवता येते. ध्वनिमुद्रणाची आणि ते जतन करण्याची लेखी संमती त्याच भेटीत घ्यावी.

आता कागद. सर्वांत आधी परवानाधारकांची साखळी उभी करावी, कारण बाकी सगळे तिच्यावर टांगता येते. पबला परवाना देण्याचे काम स्थानिक दंडाधिकाऱ्यांकडे होते आणि १८७२ च्या कायद्यानंतरची परवाना-नोंदपुस्तके अनेक परगण्यांच्या अभिलेखागारांत मिळतात; त्यांत परवानाधारकाचे नाव, मालकाचे नाव आणि परवाना एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची तारीख असते. या यादीचा एक फार सुंदर उपयोग आहे. परवानाधारकाचे नाव दारावर रंगवणे कायद्याने बंधनकारक होते. जुने छायाचित्र मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन करून दाराच्या चौकटीवरची ती बारीक अक्षरे वाचली आणि नाव नोंदपुस्तकाशी ताडून पाहिले, की मागे काहीही न लिहिलेल्या छायाचित्राचा काळ त्या परवानाधारकाच्या कारकिर्दीपर्यंत आणून ठेवता येतो.

पब १८३० नंतरच्या काळात सुरू झालेला असेल आणि परवान्याच्या कागदांत तो सापडतच नसेल, तर निराश होण्याचे कारण नाही. १८३० च्या बिअरहाउस कायद्याने कोणत्याही करदात्याला वर्षाला दोन गिनी (एक गिनी म्हणजे २१ शिलिंग) भरून, दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीविना, आपल्या घरात बिअर विकता येऊ लागली. तिथे स्पिरिट, म्हणजे जिन-व्हिस्कीसारखी कडक दारू, विकता येत नसे. ही मोकळीक १८६९ साली संपली. गल्लीबोळांतले कितीतरी पब मुळात अशी बिअरघरेच होती. त्यांना अनेकदा नावही नसे, म्हणून त्या काळच्या व्यापारी निर्देशिकांत पबच्या यादीत न पाहता ‘बिअर विक्रेते’ या सदराखाली माणसाचे नाव आणि रस्ता शोधावा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) नकाशांवरही बिअरघर आणि पब यांची आद्याक्षरे निरनिराळी असतात.

जनगणनेतून पबमध्ये राहणारे कुटुंब, नोकरचाकर आणि भाडेकरू कळतात. १८४१ ते १९२१ पर्यंतच्या याद्या खुल्या आहेत. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना आगीत जळाली आणि १९४१ ची झालीच नाही, त्यामुळे त्यानंतर युद्धाच्या सुरुवातीला केलेल्या १९३९ च्या नागरिक-नोंदवहीवर भिस्त ठेवावी लागते. याहून मला मोलाचा वाटणारा, आणि फारसा कोणी न वापरणारा, साठा म्हणजे १९१० च्या जमीन-मूल्यांकनाची क्षेत्र-पुस्तके. ती लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांत मालक, वहिवाटदार, खोल्या, इमारतीची अवस्था असा तपशील इमारतवार दिलेला असतो. शिवाय १९०२ च्या कायद्याने पबमध्ये फेरफार करण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांची संमती घेणे आवश्यक झाले, म्हणून त्यांच्याकडे सादर केलेले आराखडे काही अभिलेखागारांत टिकून आहेत. असा आराखडा हाती लागला तर तो मुलाखतीत काढलेल्या नकाशाशेजारी ठेवावा. कोणती भिंत कोणाच्या काळात पडली हे तिथेच दिसते.

वर्तमानपत्रे चाळताना केवळ पबच्या नावाने शोध घेऊ नये. रेड लायन आणि रॉयल ओक नावाचे पब देशभर शेकड्यांनी आहेत. नावाबरोबर रस्ता किंवा परवानाधारकाचे आडनाव जोडले तरच हाती नेमके काही येते. संशयास्पद मृत्यूंची चौकशी एकोणिसाव्या शतकात सर्रास पबच्या खोलीत भरत असे, आणि तिच्या वृत्तांतात साक्षीदारांच्या तोंडून त्या खोलीचे, वेळेचे, गिऱ्हाइकांचे बारीक वर्णन येऊन जाते. मारामारी आणि वेळेनंतर दारू विकल्याचे खटलेही भरपूर सापडतात, पण तेवढ्यावरून पबचे चित्र रंगवू नये. शांतपणे गेलेल्या संध्याकाळची बातमी कोणी छापत नाही, ती मुलाखतींतूनच मिळते.

लेखन करताना आठवण आणि कागद यांत विसंगती आली तर दोन्ही लिहावे आणि कोणती गोष्ट कोठून आली ते तिथल्या तिथे सांगावे. ध्वनिफिती, नकाशे आणि संमतीपत्रांची एक प्रत परगण्याच्या अभिलेखागारात द्यावी. पब अजून चालू असेल आणि विक्रीची कुणकुण असेल, तर हेच साहित्य आणखी एका कामी येते: २०११ च्या लोकलिझम कायद्यानुसार किमान २१ स्थानिक मतदारांचा गट त्याला ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंदवण्याचा अर्ज कौन्सिलकडे करू शकतो. नोंद पाच वर्षे टिकते, आणि मालकाने विकायचे ठरवल्यास सहा आठवड्यांत स्थानिक गटाने खरेदीत रस दाखवला तर एकूण सहा महिने विक्री थांबते. अर्जात पबचा सामाजिक उपयोग दाखवावा लागतो. त्या रकान्यात ‘जुना व लोकप्रिय’ असे मोघम न लिहिता, कोणते मंडळ कोणत्या वारी कोणत्या खोलीत जमते आणि किती वर्षांपासून, हे मुलाखतींतून उतरवून तारखांसह लिहावे.