ग्राहकांचा डेटा सांभाळायचा कसा? दुकान, क्लास आणि दवाखाना चालवणाऱ्यांसाठी

बिल करताना 'मोबाईल नंबर सांगा' म्हणायची सवय आता किराणा दुकानालाही लागली आहे. नंबर दिला नाही तर काउंटरवरचं सॉफ्टवेअर पुढेच सरकत नाही, हे कारणही ठरलेलं. ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा नंबरसाठी अडवणूक करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला मे २०२३ मध्ये दुकानदारांना सांगावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक तरतुदींच्या तयारीला अठरा महिने मिळाले. सरकार काही वर्गांना सवलत देऊ शकतं, पण धंदा लहान आहे म्हणून आपोआप सुटका नाही.

सुरुवात वकिलाकडून नको, कागद-पेन घेऊन करा. ग्राहकांची माहिती कुठे कुठे पडली आहे ते लिहा: बिलिंगचं सॉफ्टवेअर, एक्सेल शीट, मालकाचा आणि कामाला असलेल्या मुलाचा फोन, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ईमेलमध्ये आलेल्या आधारच्या झेरॉक्स. नुसतं कागदी रजिस्टर या कायद्यात येत नाही, पण त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला की येतं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये काय राहिलं, हा प्रश्न या यादीत हमखास निघतो.

मग प्रत्येक ओळीपुढे विचारा: हे कशाला हवंय? पावती मेसेजवर पाठवायला नंबर लागतो, ठीक. ग्राहकाने पावतीसाठी स्वतःहून दिलेला नंबर त्या कामापुरता वापरायला हरकत नाही. कायद्यातच औषधाच्या दुकानाचं तसं उदाहरण आहे. पण त्याच नंबरवर दिवाळीच्या ऑफर पाठवायच्या असतील तर संमती वेगळी घ्यायची. जन्मतारीख 'असू दे' म्हणून घेतली असेल तर रकाना काढून टाका. जे घेतलंच नाही ते फुटत नाही, आणि यापेक्षा स्वस्त बंदोबस्त मला तरी माहीत नाही. जुनं पुसताना मात्र घाई नको. नव्या नियमांत डेटा आणि त्याच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे, आणि बिलं करासाठी त्याहून जास्त काळ लागतात.

संमतीचा मजकूर छोटा आणि साधा हवा: काय घेतो, कशासाठी घेतो, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कुठे करायची. इंग्रजीबरोबर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्यात आहे, कोकणीही आहे. आधीच खूण केलेला चौकोन ही संमती नव्हे. 'हो' म्हणणं जितकं सोपं, तितकंच 'आता नको' म्हणणं सोपं हवं. क्लासवाल्यांनी जास्त जपायचं, कारण अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण कायद्याने बालक आहे आणि पालकांची संमती खरी आहे ना, हे पडताळावं लागतं.

कुलूप लावण्याचं काम फार तांत्रिक नाही. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, ज्याचं काम त्यालाच यादी, बॅकअप वेगळ्या जागी आणि कोणी काय उघडलं याची नोंद. सॉफ्टवेअर किंवा मेसेज पाठवणारी एजन्सी बाहेरची असली तरी जबाबदारी तुमचीच राहते. तेव्हा त्यांच्याशी लेखी करार करा आणि काम संपल्यावर डेटा पुसायची अट त्यात घाला. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या दुकानाला एवढा होईल असं नाही, पण ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती या दंडातला एक रुपयाही येत नाही, सगळा सरकारच्या तिजोरीत जातो. हे मला खटकतं.

शेवटची तयारी डेटा फुटल्यावरची. ग्राहकांना आणि डेटा संरक्षण मंडळाला (या कायद्याची अंमलबजावणी बघणारं सरकारी मंडळ) विनाविलंब कळवायचं, मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत द्यायचा. आयटी कायद्याखाली सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, सहा तासांत कळवण्याचा २०२२ चा आदेश आहे, तो वेगळाच. ग्राहकांना पाठवायच्या मेसेजचा मसुदा आजच लिहून ठेवा: काय झालं, त्यांना काय धोका आहे, आम्ही काय केलं, त्यांनी काय करावं, फोन कोणाला करायचा. कोणाला आधी कळवायचं ती यादी मात्र कागदावरच हवी. काँप्युटरच लॉक झाला तर आतली यादी उघडणार कशी?