२.८ मायक्रॉनच्या फेम्टोसेकंद लेसरसाठी फ्लोराइड फायबर कसा आखावा

आधी काच ठरवा. सिलिका या तरंगलांबीला प्रकाश शोषून घेते, म्हणून इथे झब्लान वापरतात: झिर्कोनियम ५३, बेरियम २०, लँथनम ४, ॲल्युमिनियम ३, सोडियम २० मोल टक्के, सगळी फ्लोराइडे. आवरणात (प्रकाश वाहून नेणाऱ्या गाभ्याभोवतीच्या थरात) झिर्कोनियमच्या जागी थोडे हाफ्नियम घातले की अपवर्तनांक उतरतो.

गाभ्यात लेसरचा प्रकाश देणारे एर्बियम ७ मोल टक्क्यांच्या आसपास ठेवा. एवढे कशाला? एर्बियम आयन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर उतरताना हा प्रकाश देतो, आणि या संक्रमणात खालची पातळी वरचीपेक्षा जास्त वेळ भरलेली राहते. आयन दाटीने बसले की आपापसात ऊर्जा देऊन ती खालची पातळी रिकामी करतात.

आता व्यास. न्यूमरिकल अॅपर्चर (फायबर किती तिरपा प्रकाश पकडतो याचे माप) ०.१२ धरले तर गाभ्याच्या १७.८ मायक्रॉन व्यासापर्यंत एकच मोड (प्रकाशाचा एकच आकार) चालतो, १५ घ्या. मोडचे क्षेत्रफळ सुमारे २८० चौरस मायक्रॉन येते. झब्लानचे डिस्पर्शन (तरंगलांबीनुसार बदलणारा प्रकाशाचा वेग) इथे ॲनोमलस, म्हणजे लांब तरंगलांबी मागे पडते, मीटरला साधारण ०.०८ पिकोसेकंद वर्ग. त्यामुळे २५० फेम्टोसेकंदांचा सॉलिटॉन (आकार न बदलता पुढे जाणारा प्रकाशाचा स्पंद) ७ नॅनोज्यूलच्या आसपास बसतो. जास्त ऊर्जा हवी तर गाभा वाढवा, पण ॲपर्चर त्याच प्रमाणात कमी करा. ९७६ नॅनोमीटरचा पंप (एर्बियमला ऊर्जा देणारा प्रकाश) ज्यातून जातो ते आतले आवरण पूर्ण गोल ठेवू नका, एक-दोन बाजू सपाट करा. गोल आवरणात बरेच किरण गाभ्याला न शिवताच फिरत राहतात.

ओढताना घाई नडते. ही काच २६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि ओढण्याचे तापमान ३०० च्या थोडे वर असते. तिथे रेंगाळलात की स्फटिक धरतात, आणि फायबरमधून लाल लेसर सोडला की ते ठिपक्यांसारखे चमकतात. असा तुकडा कापून टाका. तो पुढे सुधारत नाही.

खरा शत्रू पाणी. पाण्यामुळे काचेत येणाऱ्या हायड्रॉक्सिलचे (OH गटाचे) शोषण २.९ मायक्रॉनजवळ, म्हणजे अगदी आपल्या दाराशी. कच्चा माल कोरड्या ग्लव्हबॉक्समध्येच वितळवा. तयार फायबरचे उघडे टोकही हवेतली वाफ ओढते, तापते, आणखी ओढते आणि शेवटी जळते. म्हणून टोकाला गाभा नसलेल्या ॲल्युमिनियम फ्लोराइड काचेचा अर्ध्या मिलिमीटरचा तुकडा जोडा. एवढ्या अंतरात झोत पसरतो आणि बाहेरच्या पृष्ठावरची तीव्रता बाराव्या हिश्शाच्या आसपास येते. कॅव्हिटीतल्या (लेसरमध्ये प्रकाश ज्या मार्गाने फिरत राहतो त्यातल्या) मोकळ्या हवेच्या भागातून कोरडा नायट्रोजन फिरवत ठेवा, नाहीतर वाफेच्या रेषा स्पेक्ट्रमवर खाचा पाडतात.