बेडकातला कृमी ‘नवा’ वाटतोय? जरा थांबा

आधी स्पष्ट सांगतो. कोकणातल्या बेडकाच्या आतड्यात तुम्हाला सापडलेला कृमी नव्या जातीचा असण्यापेक्षा, धड न मारलेला आणि स्लाइडवर धड न बसवलेला, जुन्याच जातीचा कृमी असण्याची शक्यता कितीतरी जास्त. पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे कुणालाच ऐकवत नाही. मलाही ऐकवलं नव्हतं.

डिसेक्शन, स्टेनिंग, जात ओळखायची ‘की’ वापरणं तुम्हाला येतच असणार. सगळा घोळ होतो तो कव्हरस्लिपखाली. आमच्या लॅबमध्ये चालत आलेली पद्धत अशी: जिवंत ट्रेमाटोड (चपटा कृमी) दोन स्लाइडमध्ये ठेवायचा, दोऱ्याने करकचून बांधायचा आणि कडेने फिक्सेटिव्ह, म्हणजे कृमी मारून टिकवणारं द्रावण, सोडायचं. स्लाइड देखणी येते, सगळे अवयव एका पातळीत दिसतात. पण मऊ अंग दाबलं की रुंदी वाढते, वृषणं सरकतात, पीतक (अंड्यांना बलक पुरवणाऱ्या) ग्रंथी पसरतात, चिकटून राहायच्या दोन सकरांच्या आकाराचं प्रमाण बदलतं. आणि जाती वेगळ्या करायच्या त्या नेमक्या याच गोष्टींवरून! माझ्या वाट्याला आलेल्या जुन्या पेटीत एकाच बुलफ्रॉगमधल्या गॅनिओ या ट्रेमाटोडचे दोन ढीग सहज पडत होते, रुंद आणि अरुंद. गरम सलाइनमध्ये, न दाबता मारलेले ताजे कृमी शेजारी ठेवले तेव्हा मधली सगळी मापं सापडली आणि दोन्ही ढीग एक झाले. भारतातल्या बेडकांच्या ट्रेमाटोडची जुनी यादी चाळा. कितीतरी नावं आज दुसऱ्याच नावाखाली जमा झालेली दिसतील.

म्हणून मारायचं ते न दाबता. होलमाउंटसाठी (अख्खा कृमी स्लाइडवर बसवायला) दाब लागलाच तर फक्त कव्हरस्लिपच्या वजनाचा, आणि तो दिला हे पेपरात लिहायचं. एका बेडकातला एकच कृमी घेऊन नवी जात मांडायला जाऊ नका. अंडी न धरलेल्या कृमीवरून तर नाहीच नाही.

नेमाटोडचं (गोल कृमीचं) त्या मानाने सोपं. गरम सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये टाकला की सरळ होतो, थंडात टाकलात तर वेटोळं होऊन बसतो. नळाच्या पाण्यात मात्र ठेवू नका, मऊ अंगाचे फुगून फुटतात, 0.6 ते 0.7 टक्क्यांचं सलाइन आधीच करून ठेवा. बेडकाच्या फुफ्फुसातल्या ऱ्हॅब्डियास या नेमाटोडमध्ये नर शोधत बसू नका. तिथे सगळे उभयलिंगीच असतात. वेगळे नर-मादी दिसतात ते मातीत मुक्त जगणाऱ्या पिढीत. स्वतःच्या आतड्यातल्या रक्तामुळे काळपट दिसणारा हा कृमी पहिल्यांदा दिसला की हरखून जायला होतं. जरूर हरखा.

होस्टचंही, म्हणजे कृमी ज्यात राहतो त्या बेडकाचंही, बघा. जुन्या पेपरातला राना टायग्रिना म्हणजे आजचा होप्लोबॅट्राकस टायगेरिनस, इथवर ठीक. पण राना लिम्नोकॅरिस हे नाव मुळात जावातल्या बेडकाचं. आपल्या भातखाचरातले त्या नावाने नोंदलेले बेडूक आता मिनर्व्हारिया या जीनसच्या वेगवेगळ्या जातींत गेलेत. तेव्हा ‘नवा होस्ट’ असं लिहिण्याआधी बेडकाचा फोटो आणि टिश्यू जपून ठेवा.

डीएनए करून टाकू, मॉर्फॉलॉजी नंतर बघू, असं म्हणणाऱ्या गाइडपासून चार हात लांब राहा. सीक्वेन्स हवाच, त्यासाठी काही कृमी फॉर्मलिनमध्ये न घालता ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये ठेवा. पण जुन्या बहुतेक जातींचे सीक्वेन्स कुठेच नाहीत, मग जुळवणार कशाशी? कॅमेरा ल्युसिडावर (सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर गिरवू देणाऱ्या जोडणीवर) हाताने आकृती काढा. वेळ जातो, मान आखडते, पण फोटोत नजर चुकवणारी गर्भाशयाची वळणं पेन्सिलीला चुकवता येत नाहीत.

एवढं करूनही कृमी कुठेच बसत नसेल तर घाबरू नका, नवी जात खरोखर असू शकते. 2000 सालापासून होलोटाइप (ज्या नमुन्यावर नाव ठरतं तो) किंवा सिनटाइप (असे एकाहून जास्त नमुने) ठरवून ते कुठल्या संग्रहात ठेवले हे सांगितल्याशिवाय जातीचं नाव ग्राह्य धरत नाहीत. आपल्याला जवळचं म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यातलं आकुर्डीचं केंद्र.

आणि बेडूक हाताळण्याची परवानगी. ‘रस्त्यावर मेलेलाच तर आहे’ म्हणून आंबोलीच्या घाटातून उचलून आणू नका, आधी वनखात्याला विचारा. शिवाय चिरडून तासभर पडलेल्या बेडकातले कृमी तसेही विरघळायला लागलेले असतात. जूनमध्ये खाचरांत उतरायचं असेल तर वनखात्याच्या नागपूरच्या कार्यालयाकडे परवानगीचा अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका आणि पोच जपून ठेवा.