स्पर्धा आयोगात हमी देऊन प्रकरण कसे मिटवायचे

सोलापूरचा टॉवेल किंवा चादर डीलरला देताना 'दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायचा नाही', 'या भावाखाली विकायचे नाही' अशी अट घातली, तक्रार झाली आणि भारतीय स्पर्धा आयोगाने स्पर्धा कायद्याच्या कलम २६(१) खाली तपासाचा आदेश काढला, तरी निकालापर्यंत भांडलेच पाहिजे असे नाही. २०२३ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४८ब नुसार कंपनी स्वतःहून वागणूक बदलण्याची हमी (कमिटमेंट) देऊ शकते. त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले.

आधी प्रकरण यात बसते का ते पाहा. डीलर-पुरवठादारांवरच्या अटी (कलम ३(४)) आणि वर्चस्वाचा गैरवापर (कलम ४) एवढ्यांनाच ही सोय आहे. चार कारखानदारांनी बसून भाव ठरवला तर ते कार्टेल. तिथे हमी चालत नाही; कलम ४६ खाली माहिती देऊन दंडात सवलत मागावी लागते आणि त्यात पहिला येणाऱ्याला सर्वात जास्त सवलत मिळू शकते. असोसिएशनचा दराचा ठराव फायलीत असेल, तर वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा.

हमीच्या अर्जाची मुदत तपासाचा आदेश मिळाल्यापासून ४५ दिवसांची. पत्र आवक-जावक टेबलावर पडून राहिले, तरी दिवस मोजले जातातच.

अर्ज बहुधा अडतो तो मोघमपणामुळे. 'यापुढे काळजी घेऊ' याला काडीची किंमत नाही. कोणते कलम करारातून काढणार, नवे वाक्य काय असेल, ते कोणत्या तारखेपासून लागू होईल, प्रत्येक डीलरला लेखी कसे कळवणार आणि पालनाचा अहवाल कोण देणार, हे सगळे लिहा. करार बदलला पण सेल्समन व्हॉट्सॲपवर जुनाच भाव लादत राहिला, तर हमी कागदावरच राहते; म्हणून त्याच्यासाठीही लेखी सूचना जोडा. प्रस्तावावर तक्रारदार आणि इतरांच्या हरकती मागवल्या जातात, तेव्हा डीलर काय म्हणतील याचा अंदाज आधीच घ्या.

माहिती लपवू नका. लपवल्याचे उघड झाले किंवा हमी मोडली, तर हमी मान्य केल्याचा आदेश रद्द होतो, चौकशी पुन्हा उभी राहू शकते आणि आयोगाचा १ कोटीपर्यंतचा कायदेशीर खर्च अंगावर येऊ शकतो. हमी मान्य झाल्यावर त्या आदेशावर अपील नाही, म्हणून झेपेल तेवढेच कबूल करा.

मुदत हुकली आणि महासंचालकांचा (आयोगासाठी तपास करणारे अधिकारी) अहवाल आला, तर उरते कलम ४८अ ची सेटलमेंट. त्यात पैसे भरावे लागतात: अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात गुगलने २०२५ मध्ये २०.२४ कोटी रुपये भरायचे मान्य केले. शिवाय सेटलमेंटनंतरही नुकसान झालेल्याला भरपाई मागता येते, तीही हिशेबात धरा.