पंचावन्नाव्या वर्षी काम मागायला जाताना

"मामा, या वयात रॅपियर कुठं शिकता? आराम करा की आता."

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मालकाच्या मुलानं मला हे ऐकवलं, तेव्हा मी पंचावन्नचा होतो. एकतीस वर्षं जॉबर म्हणून माग दुरुस्त केलेले. रॅपियर म्हणजे धोट्याशिवाय चालणारा नव्या पद्धतीचा माग. त्यानं माझे हात बघितले नाहीत, केस बघितले. पुढं चार महिने मी काम शोधत हिंडलो. त्यात जे शिकलो ते लिहितोय, कारण अशोक चौकात चहाच्या गाड्यावर माझ्या वयाची बरीच माणसं रिकामी बसलेली दिसतात आणि मला ते बघवत नाही.

आधी मालकाच्या मनातली शंका ओळखा. म्हातारा माणूस चिडका, सतत आजारी, ऐकणार नाही, शिकणार नाही, असं धरूनच समोरचा बसलेला असतो. माझी मुलगी कॉलेजात शिकवते, तिनं मला एक अभ्यास वाचून दाखवला. एन्ग आणि फेल्डमन या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये ४१८ अभ्यास एकत्र करून वयस्क कामगारांबद्दलचे सहा समज तपासले. कामात मन नसतं, बदल नको असतो, तब्येत साथ देत नाही, असे ते समज. सहापैकी पाचांना आधार सापडला नाही. एकाला मात्र थोडा सापडला : नवीन शिकायला आणि प्रशिक्षण घ्यायला आपण जरा मागं राहतो. ऐकून मला लागलं, पण ते माझ्याबाबतीत खरं होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की बाकी पाच गोष्टींवर वाद घालू नका, सगळी मेहनत या सहाव्यावर घ्या.

मी काय केलं ते सांगतो. ओळखीच्या एका कारखान्यात माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा रॅपियरवर होता. त्याला म्हटलं, रोज एक तास मला मागाजवळ उभा राहू दे. दोनशे पानी वही घेतली. मागाच्या पडद्यावर जो संदेश येईल तो जसाच्या तसा उतरवायचा, शेजारी मराठीत अर्थ, खाली काय केल्यावर माग सुरू झाला ते. पोरगा तिशीचा, पण तिथं तो गुरू आणि मी चेला. लाज वाटली नाही म्हणणार नाही, दोन दिवस वाटली. दीड महिन्यात वहीची साठ पानं भरली.

बायोडेटा एका पानाचाच करा. "३१ वर्षांचा अनुभव" एवढंच लिहिलं तर समोरचा लगेच वय मोजतो. त्यापेक्षा कोणते माग, किती माग एकट्यानं सांभाळले, टेरी म्हणजे टॉवेलचं कापड की चादर, नक्षी काढायला डॉबी की जकार्ड, हे लिहा. वय विचारलं तर खरं सांगा, लपवू नका.

मग चाचणी मागा. मला काम लागलं ते बोलून नाही. चिंचोळीच्या एका कारखान्यात मी मालकांना म्हणालो, "पगाराचं नंतर बघू, कुठला माग त्रास देतोय तेवढं दाखवा." टॉवेलचे लूप एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड येत होते. तिथला पोरगा पडद्यावरचे आकडे बदलून थकला होता. मी पाइल बीमच्या, म्हणजे लूपचं सूत गुंडाळलेल्या रुळाच्या, तारांवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तळहात फिरवला. डावीकडच्या तारा सैल लागल्या. बीमच तिरका बसलेला. बीम सरळ बसवला, मीटरभर कापड काढलं आणि मालकांच्या हातात दिलं. मग खिशातली वही काढून दाखवली. त्यांनी वही जास्त वेळ बघितली. मात्र चाचणी किती दिवसांची आणि तेवढ्या दिवसांची मजुरी मिळणार का, हे आधीच ठरवून घ्या. फुकट राबवून घेणारेही भेटतात.

चष्म्याचा नंबर तपासूनच जा. तुटलेली तार दिसली नाही तर दोष वयाचा ठरतो, काचेचा नाही. आणि काम लागल्यावर सोयी मागायला कचरू नका. जर्मनीत डिंगोल्फिंगला बीएमडब्ल्यूनं २००७ मध्ये एका लाइनवर मुद्दाम सरासरी ४७ वयाची माणसं ठेवली. लाकडी जमीन, बसायला खुर्ची, बारीक वस्तू मोठ्या दाखवणारं भिंग असे सत्तर बारीक बदल केले, आणि उत्पादकता सात टक्के वाढली. मी मालकांकडं एक स्टूल आणि मागाजवळ जादा ट्यूबलाइट मागितली. दोन्ही मिळालं.

अठ्ठावन्न जवळ आलं असेल तर पीएफचंही माहीत असू द्या. पेन्शन खात्यातली भर ५८ व्या वर्षी थांबते आणि मालकाचा वाटा सगळा पीएफमध्ये जातो. दहा वर्षं भरलेली असतील तर काम चालू असतानाही पेन्शन सुरू करता येते. मालकांना हे माहीत नसतं, मग कटकट नको म्हणून ते नाहीच म्हणतात. आपण शांतपणे समजावून सांगायचं. साठी ओलांडली असेल तर केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठी १४५६७ ही फुकट हेल्पलाइन आहे, तिथं विचारा.

आणि जाताना वही विसरू नका. माझी आता तिसरी चालू आहे.